तिसरा सरल्याशिवाय सांगायचं नाही?

गेल्या महिन्यात या पानावर मी लिहिलं होतं की गरोदरपणातल्या तपासण्यांबद्दल मनात असेल ते विचारा. टपालाने आणि फोनवरून मिळून इतके प्रश्न आले की सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही. सात प्रश्न निवडले आहेत, नावं आणि गावं काढून टाकली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी २६ वर्षं बाळंतपणं केली. खाली जे लिहिलं आहे त्यातलं पुष्कळसं मला तिथे आलेल्या बायकांनी शिकवलं.

पाळी चुकून तीन आठवडे झाले. घरीच किटवर तपासलं, दोन रेघा आल्या. सासूबाई म्हणतात, तिसरा सरल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, दवाखान्यातही जायचं नाही, नजर लागते. माझ्या जाऊबाईंना पाचव्यात नेलं होतं, त्यांचं सगळं नीट झालं. मळमळ सोडली तर मला काही त्रास नाही. थांबू का? मुलगी समजून उत्तर द्या. (वय २३, सिन्नर तालुका)

नाही बाळ, थांबू नकोस. याच आठवड्यात जा.

सासूबाईंवर मी रागावणार नाही. या रीतीमागे बायकांनीच सोसलेलं दुःख आहे. दिवस गेल्याचं कळल्यानंतर शंभरातल्या दहा-पंधरा जणींचा गर्भ पहिल्या तीन महिन्यांत आपोआप पडतो, बहुतेक वेळा गर्भाच्या घडणीतच दोष असतो म्हणून. त्यात बाईची काही चूक नसते. पण आळीभर पेढे वाटून झालेले असले की तिला प्रत्येक दारात उत्तर द्यावं लागतं. ते टळावं म्हणून गप्प राहायचं, इथवर मला पटतं. शेजारणीला न सांगणं वेगळं आणि डॉक्टरला न सांगणं वेगळं.

डिसेंबरातली गोष्ट. उन्हाळ कांद्याची लागण चालू होती. वाफ्यात वाकून रोपं लावता लावता एक बाई चक्कर येऊन पडली. उपाशी असेल म्हणून बायकांनी साखरपाणी पाजलं, सावलीत निजवलं. दीड तासाने ट्रॅक्टरमध्ये घालून आमच्याकडे आणली तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती, पोट टम्म झालं होतं आणि पापणी उलटून पाहिली तर आतून कागदासारखी पांढरी. दिवस गेलेत का विचारलं तर सासू ठामपणे नाही म्हणाली. नवऱ्याला बाजूला घेतलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, दोन महिने झालेत, पण सांगायचं नव्हतं. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोटात दोन लिटर रक्त साठलं होतं. त्या दिवशी भूलतज्ज्ञ जागेवर होते आणि तिच्या गटाच्या रक्ताच्या पिशव्या होत्या, म्हणून ती वाचली. सातव्या आठवड्यात एक सोनोग्राफी झाली असती तर वेळीच कळलं असतं. तुझा आत्ता सातवाच आठवडा चालू आहे.

दुसरं कारण बाळाचं. मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात तोवर. ती नीट मिटावी यासाठी ४०० मायक्रोग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळी असते आणि ती खरं तर दिवस जाण्याच्या आधीपासून घ्यायची. तुझी ती वेळ टळून गेली, तरी बारा आठवडे पुरे होईपर्यंत घेच, रक्त तयार व्हायलाही ती लागते. फिट, थायरॉईड, बीपी किंवा मधुमेह यातलं कशाचं औषध चालू असेल तर ते मनाने बंद करायचं नाही, पण डॉक्टरला आजच दाखवायचं. बीपीच्या आणि फिटच्या काही गोळ्या गरोदरपणात बदलाव्या लागतात, आणि त्यासाठी पाचव्या महिन्यापर्यंत थांबायचं नाही, कारण बाळाचे बहुतेक अवयव बाराव्या आठवड्यापर्यंत घडून गेलेले असतात.

पहिल्या भेटीत वजन, उंची, बीपी बघतील. रक्तात हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, आणि एचआयव्ही, गरमी म्हणजे सिफिलिस, बी प्रकारची कावीळ यांची तपासणी होईल. ही नावं ऐकून दचकू नकोस, त्या तपासण्या प्रत्येक गरोदर बाईच्या करतात. गरमी इंजेक्शनाने बरी होते, एचआयव्ही औषधांमुळे बाळापर्यंत पोचणं बहुतेक वेळा टळतं, आणि आईला बी कावीळ असेल तर जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळाला लस देऊन वाचवता येतं. आधी माहीत असलं तरच हे सगळं होतं. रक्तगट निगेटिव्ह निघाला आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असला तर २८व्या आठवड्याला एक इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि बाळ पॉझिटिव्ह जन्मलं तर ७२ तासांत दुसरं. गर्भ पडला तरीही ते विचारून घ्यायचं असतं. नेमकं तेच राहून जातं आणि पुढच्या बाळाला त्याचा फटका बसतो.

हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट आहे. उपकेंद्रातल्या नर्सबाई नाव नोंदवून माता-बाल संरक्षण कार्ड देतील. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर खास गरोदर बायकांना तपासतात, तो दिवस लक्षात ठेव. आणि जाताना सासूबाईंना बरोबर घेऊन जा. सोनोग्राफीच्या पडद्यावर ठोके दिसले की नजरेची भीती बरीच कमी होते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. जाऊबाईंचं चांगलं झालं, याचा मलाही आनंद आहे. पण ते उशिरा गेल्यामुळे चांगलं झालं असं तर नाही ना.

डबल मार्करचा रिपोर्ट आला. त्यात डाऊन सिंड्रोमसाठी ‘हाय रिस्क, १:१८०’ असं लाल अक्षरात लिहिलं आहे. सोनोग्राफी नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले, एनआयपीटी करा किंवा पोटातलं पाणी काढून तपासा, दोन दिवसांत ठरवा. तेव्हापासून झोप नाही. नवरा म्हणतो काही होत नाही, आई रडते आहे. मी ३१ वर्षांची आहे. (पुणे)

तुमच्या आईच्या हातात हा अंक द्या, कारण पहिलं वाक्य त्यांच्यासाठी आहे. हा रिपोर्ट बाळ आजारी आहे असं सांगत नाही.

डाऊन सिंड्रोम म्हणजे मुलाची बौद्धिक वाढ मंद करणारा जन्मजात जनुकीय दोष, आणि डबल मार्कर ही आईच्या रक्तावरून त्याची शक्यता मोजणारी तपासणी. १:१८० म्हणजे काय ते नीट बघू. अगदी तुमच्यासारखा रिपोर्ट आलेल्या १८० बायका एका हॉलमध्ये बसवल्या, तर त्यातल्या १७९ जणींच्या बाळांना डाऊन सिंड्रोम नसेल, एकीच्या बाळाला असेल. मग लाल अक्षर कशासाठी? प्रयोगशाळेने कुठेतरी रेघ ओढायची असते. ती बहुतेक ठिकाणी १:२५० वर ओढतात. त्या रेघेच्या अलीकडे आला तर ‘हाय’, पलीकडे गेला तर ‘लो’. ही चाळणी आहे. चाळणीत खड्याबरोबर चार गहूही वर राहतात. या तपासणीत शंभर निरोगी बाळांच्या आयांपैकी साधारण पाच जणींना ‘हाय रिस्क’ सांगितलं जातं.

तेव्हा पुढची तपासणी करण्याआधी रिपोर्टचं पहिलं पान काढा. तुमची जन्मतारीख, वजन, सोनोग्राफीची तारीख आणि बाळाची लांबी तिथे बरोबर लिहिली आहे का? जुळं असणं, मधुमेह, टेस्टट्यूब पद्धतीने दिवस जाणं, या सगळ्याचा आकड्यावर परिणाम होतो. माझ्याकडे एक बाई १:९० घेऊन आली होती. फॉर्मवर तिच्या वयाच्या जागी सासूचं वय पडलं होतं. अशी चूक सापडली तर त्याच रक्ताच्या आकड्यांवरून नवा हिशेब करून मिळतो.

सगळं बरोबर असेल तर दोन वाटा आहेत. एनआयपीटी म्हणजे तुमच्याच हातातून घेतलेलं रक्त. त्यात वारेतून आलेले बाळाच्या जनुकांचे तुकडे तरंगत असतात. बाळाला काही धोका नाही, आणि डाऊन सिंड्रोम असलेली शंभरातली ९९ बाळं त्यात सापडतात. खर्च मोठा आहे, आणि ही चाळणीच आहे, बारीक जाळीची. ती ‘हो’ म्हणाली तरी पाण्याची तपासणी केल्याशिवाय काहीही ठरवायचं नाही. दुसरी वाट पाण्याची, म्हणजे सोळाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत बघत सुईने थोडं गर्भजल काढायचं. तिथे उत्तर पक्कं मिळतं. त्यात गर्भ पडण्याची शक्यता शंभरात एकीपेक्षा कमी असते, सराव असलेल्या हाताखाली बरीच कमी. मला तुमच्या जागी विचारलं असतं तर, गर्भाच्या मानेमागचा पाण्याचा थर आणि नाकाचं हाड दोन्ही नॉर्मल असताना, मी आधी एनआयपीटी केली असती. पण सलग दोन आठवडे अनिश्चितीत काढणं ज्यांना सोसत नाही त्यांनी थेट पाण्याची तपासणी करणंही योग्यच आहे. कोणतीच नको असंही तुम्ही दोघं म्हणू शकता. ती तुमची निवड आहे, आणि डॉक्टरांनी ती मान्य करायला हवी.

‘दोन दिवसांत ठरवा’ याने तुमची झोप उडाली हे मला कळतं. रिपोर्ट हातात देताना जी पंधरा मिनिटं बसून बोलायला हवं ती हल्ली कुणापाशी नसतात, आणि याचा मला फार त्रास होतो. तुमच्याकडे दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ आहे. २०२१ साली सुधारलेल्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, काही कारणांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत, आणि बाळात गंभीर दोष निघाला तर त्यानंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. हे सांगते ते घाई कमी व्हावी म्हणून. तुम्ही कुठल्या एका दिशेने जावं असं मला सुचवायचं नाही. डाऊन सिंड्रोम असलेली मुलं शाळेत जातात, कामं करतात, घरात माया लावतात. त्यातल्या पुष्कळांच्या हृदयात दोष असतो आणि काहींना त्यासाठी शस्त्रक्रिया लागते, हेही खरं. निर्णयाची वेळ आलीच, तर अशा एखाद्या मुलाच्या आईला भेटा आणि मग ठरवा.

बायकोला तिसरा महिना आहे. दवाखान्यात सिकलसेलची तपासणी केली, तिचा रिपोर्ट ‘एएस’ आला. नर्सबाई म्हणतात तुमचंही रक्त द्या. माझी आई म्हणते, दोष तिच्या माहेरचा आहे, तू कशाला रक्त देतो. मी काय करावं? (धडगाव तालुका, नंदुरबार)

दादा, उद्या सकाळी रक्त द्या. आणि हे पत्र लिहिलंत म्हणून तुमचे आभार, कारण या प्रश्नावर नवरे लिहीत नाहीत.

‘एएस’ म्हणजे तुमच्या बायकोला आजार नाही, ती वाहक आहे. तिच्या रक्ताच्या दोन खुणांपैकी एक साधी आणि एक सिकलची. ती डोंगर चढेल, शेत करेल, म्हातारी होईल. आईंना सांगा की हा माहेरचा दोष नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे ही एक खूण अंगात असलेली मुलं हिवतापातून जास्त वाचली, म्हणून ती टिकून राहिली. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत, विदर्भातल्या गोंडांत आणि इतरही बऱ्याच समाजांत ती आहे. तुमच्या स्वतःच्या रक्तातही असू शकते, आणि तुम्हाला कधी कळलेलं नसेल.

म्हणून तर तपासायचं. तुम्ही ‘एए’ निघालात, म्हणजे दोन्ही खुणा साध्या, तर बाळाला सिकलसेलचा आजार होणार नाही, फार तर आईसारखं वाहक होईल. पण तुम्हीही ‘एएस’ निघालात, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की बाळ ‘एसएस’ होईल, म्हणजे खरा आजार. त्यात रक्ताच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. ‘प्रत्येक’ या शब्दाखाली रेघ मारा. पहिलं निरोगी झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता वाढत नाही की कमी होत नाही. रक्त देताना एक विचारा, ही सोल्युबिलिटीची झटपट तपासणी आहे की एचपीएलसी? झटपट तपासणी फक्त सिकल आहे-नाही एवढंच सांगते. वाहक की आजारी, हे एचपीएलसी सांगते. शिवाय तुमच्यात थॅलेसेमियाची, म्हणजे वारशाने येणाऱ्या रक्ताच्या दुसऱ्या आजाराची खूण असली तर तीही त्यात दिसते, आणि सिकलबरोबर थॅलेसेमिया आला तरी बाळाला आजार होतो.

दोघंही वाहक निघालात तर तिसरा महिना चालू आहे तोवरच जिल्ह्याच्या रुग्णालयात जा. अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा लहानसा तुकडा काढून किंवा सोळाव्याला गर्भजल काढून बाळाचं कळू शकतं. ही सोय धडगावात नाही, मोठ्या शहरात जावं लागेल, चिठ्ठी आणि गाडीची व्यवस्था नर्सबाईंकडून करून घ्या. तुम्हाला गर्भपात नकोच असेल तरी बाळाचं आधी माहीत असण्याला मोल आहे. आजारी बाळाला दोन महिन्यांचं झाल्यापासून पेनिसिलिन दिलं, लसी वेळेवर दिल्या, हायड्रॉक्सियुरिया हे औषध योग्य वेळी सुरू केलं, तर त्याचे दुखण्याचे झटके कमी होतात आणि आयुष्य वाढतं. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेलची मोहीम चालू आहे, तपासणी आणि औषधं त्यात मोफत आहेत.

शेवटचे दिवस जवळ आले आणि गाव लांब असेल, तर काही आदिवासी भागांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ असतं, तिथे कळा येण्याआधीच जाऊन राहता येतं. पावसाळ्यात नाले भरतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

ग्लुकोजचं पाणी पिऊन साखर तपासायला सांगितली आहे. उपाशी जायचं की खाऊन? मागच्या वेळी उलटी झाली आणि तशीच परत आले. (अकोला)

सरकारी पद्धतीत उपाशी राहायची गरज नाही. खाऊन गेलात तरी चालतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच ते दहा मिनिटांत सावकाश प्यायचं, दोन तासांनी एकदाच रक्त. साखर १४० किंवा जास्त आली तर तो गरोदरपणातला मधुमेह. प्यायल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची, नंतर झाली तर चालू ठेवायची. म्हणजे तुमची तपासणी राहिलीच आहे, लगेच करा. पहिली नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत दुसरी करतात, कारण वारेतून येणारी संप्रेरकं त्या सुमाराला साखर चढवतात. खाजगी प्रयोगशाळा उपाशी बोलावून तीनदा रक्त घेत असेल तर ती वेगळी पद्धत आहे, तिचे आकडे वेगळे, त्यांची सरमिसळ करू नका.

सुनेला लाल गोळ्या दिल्या आहेत. त्यांनी बाळ काळं होतं आणि पोटात फार मोठं होतं, मग शिझर करावं लागतं असं आमच्याकडे सगळ्या म्हणतात. तिला त्या पचतही नाहीत. बंद केल्या तर चालतील का? (सांगोला)

बाई, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. आमच्या नर्सबाईंबरोबर एका पाड्यावर गेले होते तेव्हा एका घरात कुडाच्या फटीत खोचून ठेवलेली नऊ पाकिटं निघाली. प्रत्येक महिन्याला सून गोळ्या आणत होती आणि प्रत्येक महिन्याला तिथे खोचत होती. कार्डावर मात्र ‘गोळ्या दिल्या’ असं लिहिलेलं. तिचं हिमोग्लोबिन ६.४ होतं. बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं असतं तर आम्हाला काही करता आलं नसतं.

काळं होतं ते शौच. लाल गोळी लोहाची असते, आणि लोह अंगात पूर्ण जिरत नाही, उरलेलं बाहेर पडतं म्हणून. बाळाचा रंग आईबापाकडून येतो. आणि गोळीने बाळ फार मोठं होत नाही. उलट आईला रक्त कमी असेल तर ते वेळेआधी आणि कमी वजनाचं जन्मायची भीती असते. ११ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे रुग्णालयात भरती. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका ११ च्या खाली निघाल्या, तेव्हा हा तुमच्या एकट्या सुनेचा प्रश्न नाही.

पचत नसेल तर रात्री जेवल्यावर तासाभराने देऊन बघा, मळमळ झोपेत जाते. बरोबर लिंबाचं पाणी किंवा आवळा द्या. चहा मात्र अजिबात नको, दूधही नको. कॅल्शियमची गोळी असेल तर तिच्यात आणि हिच्यात दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर दोन्ही वाया जातात. चौथ्या महिन्यापासून जंताची एक गोळी विचारून घ्या. एवढं करून महिन्याभरात हिमोग्लोबिन एकानेही वाढलं नाही तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन मिळतं. लाल गोळी किमान १८० दिवस घ्यायची, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस.

तीन-तीन सोनोग्राफ्या करायला लावतात. मुलगा की मुलगी तेही सांगत नाहीत. मग पैसे कशाचे घेतात? (सोलापूर जिल्हा)

पहिली, बाळ पिशवीत आहे का, एक की दोन, आणि दिवस किती झाले हे ठरवायला. पुढे बाळाची वाढ कमी आहे की तारीखच चुकली आहे, हा वाद या एका कागदावर सुटतो. दुसरी १८ ते २० आठवड्यांची, डोक्यापासून पायापर्यंत प्रत्येक अवयव बघायला: हृदयाचे कप्पे, मणके, मूत्रपिंडं. ती चुकवू नका. तिसरी शेवटच्या तीन महिन्यांत, वाढ, पाणी आणि वार कुठे आहे हे बघायला. वार पिशवीच्या तोंडावर असेल आणि माहीत नसेल तर बाई घरातच रक्तस्रावाने जाऊ शकते. पैसे याचे असतात.

मुलगा-मुलगी सांगणं गुन्हा आहे. महाराष्ट्राने हा कायदा देशात सर्वात आधी, १९८८ मध्ये केला, आणि देशाचा १९९४ मध्ये आला. सांगणाऱ्या डॉक्टरबरोबर विचारणाऱ्या नातेवाइकालाही त्यात तुरुंग आहे, तीन वर्षांपर्यंत. कायदा असंही धरून चालतो की बाईवर नवऱ्याने किंवा सासरच्यांनी जबरदस्ती केली आहे. तेव्हा हा प्रश्न सोनोग्राफीच्या खोलीत विचारू नका आणि सुनेला विचारायला लावू नका.

मी आशा आहे. माझ्याकडची एक बाई, पहिलटकरीण, ३१ आठवडे. उपकेंद्रात बीपी १४४/९२ आलं. पायावर सूज आहे, चेहराही थोडा सुजला आहे. ती म्हणते मला काहीच होत नाही. रविवारी डोहाळजेवण आहे, मंडप, पाहुणे सगळं ठरलंय. सोमवारी येते म्हणते. काय सांगू? (जळगाव जिल्हा)

हा प्रश्न गुरुवारी फोनवर आला, त्यामुळे अंकाची वाट न बघता त्याच वेळी उत्तर दिलं. तिच्या आणि आशाताईंच्या परवानगीने इथे छापते आहे.

मी सांगितलं, सोमवारी नाही, आज न्या. बीपीने वरचा १४० किंवा खालचा ९० यातला कुठलाही एक आकडा गाठला की बाईला काही होत असो वा नसो, त्याच दिवशी पुन्हा मोजायचं आणि लघवीतलं प्रथिन बघायचं. गरोदरपणातल्या बीपीच्या या आजाराची खोड हीच आहे की बाईला बरं वाटत असतं. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे आले, बरगडीखाली कळ आली, की मग पुष्कळदा फिटचा झटका यायला फार वेळ राहिलेला नसतो.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. १९९४ मध्ये मी शिकाऊ डॉक्टर होते, आठवा महिना चालू होता आणि रात्रपाळ्या करत होते. पाय सुजले होते. रोज दहा-दहा गरोदर बायकांचं बीपी मी मोजत होते आणि माझं महिनाभर मोजलं नव्हतं. उभं राहून सुजले असतील म्हणून चपला सैल केल्या. प्रसूतिकक्षातल्या एका वयस्क सिस्टरने मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला. १६०/११०. त्या रात्री मी जिथे काम करत होते त्याच खोलीत पेशंट म्हणून झोपले. मुलगी ३४व्या आठवड्यात झाली, १ किलो ८०० ग्रॅमची. ती सिस्टर त्या रात्री आली नसती तर मी आज हे लिहायला नसते, असं मला अजूनही वाटतं.

आशाताईंना विचारलं, तिच्या आईशी बोलता येईल का. आई फोनवर आली. तिला मी एवढंच म्हटलं की मंडप राहू द्या, पण तिला आज १०२ ची गाडी बोलावून तालुक्याला आणा, हिरवी साडी पुढच्या आठवड्यातही नेसता येईल. त्या आल्या. रुग्णालयात बीपी १५२/९८ निघालं, लघवीत प्रथिन दोन प्लस. गोळ्या सुरू झाल्या, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं दिली, जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. हे लिहिताना ती तिथेच भरती आहे, बीपी आटोक्यात आहे, बाळ हलतंय. रविवारी सासूने ओटीचं साहित्य आणून खाटेवरच ओटी भरली म्हणे, पंगत गावात झाली.

आशाताई, तुमच्यासाठी पुढचं. बाळ झालं की बीपी गेलं असं नसतं. झटका बाळंतपणानंतरही येतो, बहुतेक पहिल्या काही दिवसांत, आणि तेव्हा ती माहेरी असेल. तिथल्या आशाला आजच कळवून ठेवा, घरी आल्यापासून पहिल्या दहा दिवसांत निदान तीनदा बीपी मोजलं गेलं पाहिजे. गोळ्या कुणी मनाने बंद करायच्या नाहीत. आणि तिला पुढे दुसऱ्या वेळी दिवस जातील तेव्हा हा त्रास पुन्हा होऊ नये म्हणून कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात, ती बाराव्या आठवड्याच्या सुमारास, सोळा आठवडे पुरे होण्याच्या आत सुरू करावी लागते. म्हणजे तिसरा सरेपर्यंत लपवून ठेवलं तर ती वेळही निसटत जाईल. तिच्या कार्डावर पहिल्याच पानावर लाल पेनने लिहून ठेवा: ‘पुढच्या खेपेला पाळी चुकली की लगेच यावे. बीपी होते.’